निसर्ग वादळ आणि शेवटच्या घरातला दिवा

"निसर्ग वादळ कधी आलं?" असं मी वर्गात विचारलं, तेव्हा मुलांनी तारीख बरोबर सांगितली, ३ जून २०२०. "आणि वीज कधी परत आली?" यावर उरणच्याच मुलांची उत्तरं वेगवेगळी निघाली. वादळाची तारीख इतिहासात जाते, दिवा परत लागल्याची जात नाही.

त्या दुपारी वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्यांच्यासोबत विजेचे खांब. आमच्या उरणमध्ये तर वायूवर चालणारं वीजकेंद्र आहे. पण वीज दाराशी तयार झाली तरी घरात येते ती तारेवरूनच.

दुरुस्तीलाही एक क्रम असतो. आधी उच्चदाबाची वाहिनी, मग उपकेंद्र, मग फीडर, मग गावातला ट्रान्सफॉर्मर आणि सगळ्यात शेवटी घराकडे जाणारी तार. म्हणजे वाडीच्या टोकाचं घर शेवटी उजळणार हे आधीच ठरलेलं. त्यात लॉकडाऊन, बंद रस्ते आणि तोंडावर आलेला पावसाळा. दक्षिण रायगडातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली.

नोव्हेंबर १९४८ मध्येही मुंबईच्या किनाऱ्यावर मोठं वादळ आलं होतं. तेव्हा कोकणातल्या बहुतेक खेड्यांत वीज पोहोचलीच नव्हती. छप्पर गेलं, होडी गेली, पण कंदील आणि विहीर शिल्लक राहिली. २०२० मध्ये वीज गेली तसा पंप थांबला, नळ कोरडा पडला, मोबाईल मुका झाला.

माझी फुफी म्हसळ्याकडे राहते. तिचा मुलगा कुवेतला. विमानं बंद, फोन लागेना. तो मला रोज विचारायचा, "अम्मी कशी आहे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवव्या दिवशी तिचा फोन आला. मशिदी तेव्हा जमातीसाठी बंद होत्या. भोंगा नसल्याने मुअज्जिन नुसत्या आवाजात अजान देत होते आणि ती कान देऊन ऐकत होती, असं ती म्हणाली.

तिच्या मोहल्ल्यात तारा जोडायला बाहेरच्या जिल्ह्यातले वायरमन आले. तबलिगच्या बातम्यांपासून आपल्या माणसांकडे संशयाने पाहिलं जात होतं. त्यामुळे पाणी विचारावं की नाही, अशी फुफीला धास्ती. शेवटी तिने विहिरीचं पाणी आणि चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि पुन्हा खांबावर चढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. निकाल महत्त्वाचा होताच, पण फुफीची धास्ती त्याआधीच त्या चहाने गेली होती.

मुलांना मी घरचा अभ्यास दिलाय. मोठ्यांना विचारून लिहा, आपल्या आळीत पहिला दिवा कुठे लागला, शेवटचा कुठे आणि मधल्या दिवसांत पाणी कुणी दिलं. तुम्हीही आपल्या गावाचं लिहून ठेवा. पुढच्या वादळात शेवटचं घर कोणतं, हे आधीच माहीत असलेलं बरं.