पंखा एक, डिस्क चार

नॅसचा पंखा घरघरायला लागला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "चालतोय तोवर चालू दे, रेड आहे ना!" नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेली साठवणुकीची पेटी. तुमच्यापैकी अनेकांचे दस्तऐवजांचे फोटो, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं अशाच एखाद्या पेटीत असतील. आणि रेड म्हणजे डेटा चार डिस्कवर असा वाटून ठेवायचा, की त्यातली एक मेली तरी उरलेल्या तिघींवरून तो परत उभा करता येतो. मग काहीशे रुपयांच्या पंख्याची एवढी काळजी कशाला?

उत्तरासाठी १९८८ सालात जावं लागतं. बर्कलेच्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी रेडचा शोधनिबंध मांडला. म्हणणं सोपं होतं: एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या स्वस्त डिस्कचा जथा वापरा. डिस्क जास्त म्हणजे बिघाडही जास्त, म्हणून जोडीला थोडी जादा डिस्क ठेवा. एक दुरुस्त होईपर्यंत दुसरी जाण्याची शक्यता किती कमी, याचं गणित त्यांनी केलं. ते गणित एका गृहीतकावर उभं आहे: डिस्कचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतात. लेखकांनी हे लपवलेलं नाही. उत्पादकही हेच गृहीत धरतात असं सांगून, भूकंप किंवा विजेचा झटका आला तर ते लागू पडणार नाही, असंही त्यांनी नोंदवलं.

पंख्याचा उल्लेख तिथे नाही. पण आपली पेटी उघडून बघा: चार डिस्क, आणि बहुतेक वेळा मागच्या बाजूला एकच पंखा. तो थांबला की चौघी एकाच वेळी तापतात. स्वातंत्र्य संपलं!

डिस्क आणि हवा यांचं नातं तसं जुनं आहे, पण ते थंडाव्यापासून सुरू झालं नव्हतं. १९५६ मध्ये आयबीएमने रामॅक यंत्रासोबत पहिली व्यापारी डिस्क आणली. २४ इंचांच्या ५० तबकड्या आणि क्षमता फक्त ५० लाख अक्षरं. त्यात वाचणारं हेड तबकडीला घासू नये म्हणून कॉम्प्रेसरची हवा सोडलेली असे. पुढे फिरत्या तबकडीसोबत ओढल्या जाणाऱ्या हवेवरच हेड तरंगायला लागलं, आणि १९७३ च्या 'विंचेस्टर' डिस्कमध्ये तबकड्या आणि हेड एकत्र बंद डबीत गेले. बाहेरच्या हवेकडे उरलं ते उष्णता वाहून नेण्याचं काम.

उष्णता किती वाईट, याबद्दल एक ठोकताळा पिढ्यान् पिढ्या चालत आला: तापमान दहा अंश वाढलं की आयुष्य निम्मं. याचं मूळ रासायनिक अभिक्रियांच्या वेगाबद्दलच्या आर्‍हेनियसच्या समीकरणात आहे. कपॅसिटरसाठी तो बराच चालतो. डिस्कसाठी? २००७ मध्ये गूगलच्या पिन्हेरो, वेबर आणि बारोसो यांनी एक लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदी तपासल्या. तापमान आणि बिघाड यांचा संबंध अपेक्षेपेक्षा बराच कमजोर निघाला, उलट थंड डिस्क काही ठिकाणी जास्त बिघडलेल्या दिसल्या. फरक जाणवला तो फार तापलेल्या आणि वय झालेल्या डिस्कमध्ये.

हा निकाल वाचून "बघा, पंखा लागतच नाही" म्हणणारे भेटतात. इथे तुम्ही सावध व्हायला हवं. त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, चालू हवेतल्या. पंखा बंद पडलेली पेटी, तीही मे महिन्यात नागपूरच्या खोलीत, हा त्या नमुन्याचा भागच नाही. आणि बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्ट नोंदींमधल्या सर्वांत बोलक्या चार खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. म्हणजे डिस्क आधी सूचना देईल, ही आशाही फार धरू नका.

मला त्याच परिषदेतला दुसरा निबंध जास्त आवडतो. बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. होय, १९८८ चेच गिब्सन. त्यांनीही सुमारे एक लाख डिस्कच्या बदलण्याच्या नोंदी घेतल्या आणि दाखवलं की हे बदल स्वतंत्र नसतात, एकापाठोपाठ येतात. एकोणीस वर्षांपूर्वी गृहीत धरलेली गोष्ट माणूस स्वतः मोजायला बसतो, हे तुम्हाला फारसं कुठे वाचायला मिळणार नाही. माहितीपत्रकावरून वर्षाला एक टक्क्याहून कमी डिस्क जायला हव्या होत्या, प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास बदलल्या जात होत्या.

तर पंखा बदलाच, आणि तो घरघरतोय तेव्हाच. घरघर म्हणजे बेअरिंगमधलं वंगण सुकतंय, पंखा अजून फिरतोय. सगळ्यात आधी डेटाची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग पेटी रीतसर बंद करून वायर काढा, डिस्क बाहेर काढाव्या लागल्या तर त्यांवर क्रमांक घाला. जुन्या पंख्याची लांबी-रुंदी, जाडी, व्होल्ट, पिनची संख्या आणि हवेची दिशा लिहून घ्या.

मी एक गोष्ट लिहायची विसरले होते: फेऱ्या. तीन पिनच्या पंख्यात तिसरी तार दर फेरीला सहसा दोन स्पंदनं पाठवते आणि पेटी ती मोजते. मी आवाज नको म्हणून हौसेने मंद पंखा आणला. तो मस्त फिरत होता, पण पेटीला फेऱ्या कमी वाटल्या आणि "पंखा बंद पडला आहे" म्हणून ती रात्रभर बीप बीप करत राहिली. दुसऱ्या दिवशी जुन्याइतक्याच फेऱ्यांचा पंखा शोधून बसवला. आवाज थोडा आहे. डिस्क ४१ अंशांवर आहेत.