बॉस्टनचा उतरता काळ आणि करारांचा हिशेब

बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या घसरणीची एक ठरीव गोष्ट अमेरिकेत सांगितली जाते. लॅरी बर्ड, केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश या त्रयीने 1981, 1984 आणि 1986 अशी तीन जेतेपदं मिळवून दिली. पुढे त्यांची वयं झाली, पण संघाचे सर्वेसर्वा रेड आवरबाख यांना त्यांना दुसऱ्या संघाकडे धाडवेना, आणि 1996-97च्या मोसमात याच संघावर 82पैकी 67 सामने हरण्याची वेळ आली. थोडक्यात, माया नडली. साक्षीदारही तगडा आहे. या दिग्गजांना वेळीच सोडा, असं आपण एका नाताळच्या पार्टीत आवरबाखना सुचवलं होतं, असं या त्रयीचा सहकारी खेळाडू डॅनी एइंज याने पुढे सांगितलं. मॅकहेलच्या बदल्यात डॅलस संघ डेटलेफ श्रेम्फ आणि सॅम पर्किन्स द्यायला तयार होता, असंही सांगतात. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिच्यात आवरबाख जितके हळवे दिसतात तितके ते कधीच नव्हते.

1980 साली ड्राफ्टमधली, म्हणजे नवोदितांच्या निवडीतली, पहिली संधी देऊन त्यांनी गोल्डन स्टेटकडून पॅरिश आणि तिसरी संधी मिळवली. त्या तिसऱ्या संधीतून मॅकहेल आला. 1984मध्ये नुकतंच जेतेपद जिंकून देणाऱ्या चमूतल्या जेराल्ड हेंडरसनला सिएटलला देऊन त्यांनी भविष्यातली एक संधी पदरात पाडून घेतली. त्याच संधीतून 17 जून 1986 रोजी लेन बायस निवडला गेला. संघ नुकताच विजेता झालेला, बर्ड एकोणतिशीत, आणि वारस दारात उभा! याहून शहाणी आखणी कोणती? दोनच दिवसांनी बायस कोकेनमुळे दगावला. 1987मध्ये निवडलेला रेजी लुइस खरोखरच मोठा झाला, बर्डनंतर कर्णधार झाला, आणि जुलै 1993मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्यानंतरही त्याच्या कराराची रक्कम संघाच्या वेतनमर्यादेत धरली जात राहिली. त्याच्या जागी तोलामोलाचा खेळाडू घ्यायला त्यामुळे पैशाची मोकळीक उरली नाही.

ही वेतनमर्यादा 1984-85पासून लागू झाली, तेव्हा ती 36 लाख डॉलर होती. तिला एक पळवाट ठेवलेली होती: स्वतःच्या खेळाडूशी नवा करार करताना संघ मर्यादा ओलांडू शकत असे. या सवलतीला बर्डचंच नाव चिकटलं. मर्यादेला टेकलेल्या संघाला त्यामुळे जुना तारा राखणं सोपं आणि बाहेरून नवा आणणं अवघड झालं. आवरबाखच्या मायेचा हिशेब मांडताना हा नियम सोयीस्करपणे विसरला जातो. डॅलसचा सौदा झाला असता तर? काही वर्षं नक्कीच बरी गेली असती. श्रेम्फ पुढे तीनदा ऑल-स्टार झाला. पण लुइस गेला तेव्हा तो तिशीचा आणि पर्किन्स बत्तिशीचा होता. सौद्याने उतरण लांबली असती, नवी पिढी मिळाली नसती.

मग 2013मध्ये एइंजला, आता संघाचा कारभारी म्हणून, हेच कसं साधलं? सदतिशीचा केव्हिन गार्नेट आणि पस्तिशीचा पॉल पिअर्स त्याने ब्रुकलिनला दिले. बदल्यात 2014, 2016 आणि 2018च्या पहिल्या फेरीतल्या संधी आणि 2017मध्ये क्रम बदलून घेण्याचा हक्क घेतला. त्यातून 2016मध्ये जेलन ब्राऊन आला. 2017मध्ये हाती आलेली पहिली संधी फिलाडेल्फियाला देऊन एइंजने तिसरी संधी आणि वर आणखी एक घेतली. त्या तिसऱ्या संधीतून जेसन टेटम मिळाला. दोघांनी 2024मध्ये जेतेपद आणलं. ब्रुकलिनचा उतावळेपणा नसता तर हे घडलं नसतं, हा आक्षेप रास्तच आहे; ब्रुकलिनने जादा पगारखर्चावरचा चढा कर भरूनही पिअर्स तिथे एकच मोसम टिकला. पण उतावळे मालक प्रत्येक काळात असतात. बदलली होती ती ड्राफ्टमधल्या संधीची किंमत. 1994मध्ये ग्लेन रॉबिन्सनने एकही सामना खेळण्याआधी दहा वर्षांचा 6 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळवला, आणि पुढच्याच वर्षी नवोदितांचे पगार क्रमानुसार बांधून टाकण्यात आले. तेव्हापासून वरच्या क्रमाची संधी म्हणजे काही वर्षं स्वस्तात मिळणारा गुणी खेळाडू. 1988च्या सुमारास आवरबाखपुढे असा माल कोणी ठेवूच शकत नव्हतं.

निष्ठेलाही मोल असतं, असं कोणी म्हणेल. असतंच, आणि ते कधीकधी फार महाग पडतं. घोट्यामागचा स्नायुबंध तुटलेल्या कोबी ब्रायंटला लेकर्सने नोव्हेंबर 2013मध्ये दोन वर्षांसाठी 4 कोटी 85 लाख डॉलर दिले. त्या दोन मोसमांत संघ 21 आणि 17 सामने जिंकला. उलट टिम डंकनने 2012मध्ये कमी पगारावर सही केली आणि सॅन अँटोनियोने 2014चं जेतेपद मिळवलं. निष्ठा दोन्हीकडे होती. फरक होता तो मर्यादेतला किती वाटा एका नावावर खर्च झाला याचा.

बॉस्टनचा 2025मधला पेच तर वयाचा नव्हताच. टेटमने 2024मध्ये पाच वर्षांचा सुमारे 31 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला आणि मे 2025मध्ये कोबीसारखाच त्याचाही घोट्यामागचा स्नायुबंध तुटला. संघमालक आणि खेळाडू यांच्यातल्या 2023च्या नव्या करारनाम्याने फार खर्चिक संघांवर कराखेरीज खेळाडूंच्या अदलाबदलीचेही निर्बंध घातले आहेत. त्यामुळे जेतेपदाला जेमतेम वर्ष झालेलं असताना बॉस्टनने ड्रू हॉलिडेला पोर्टलंडला आणि क्रिस्टाप्स पोरझिंगिसला अटलांटाला पाठवून दिलं.