‘नको’ म्हणणाऱ्यांची निष्ठा नक्की कुणाशी होती?

‘वसाहतीचं स्वराज्य’ हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा मागणी साम्राज्यात राहून स्वराज्याची होती. पण ज्यांना ते आधीच मिळालं होतं, त्यांचं काय चाललं होतं? त्याच वर्षीचा ऑस्ट्रेलिया बघू.

१९०१ पासून ऑस्ट्रेलियाला स्वतःची केंद्रीय संसद होती. तरी ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन युद्धात उतरलं आणि ऑस्ट्रेलिया आपोआप ओढला गेला. लढायला जाणं मात्र ऐच्छिक होतं, कारण तिथल्या संरक्षण कायद्यानुसार सक्तीने भरती केलेल्या माणसाला देशाबाहेर पाठवता येत नसे. १९१६ मध्ये सॉमच्या आघाडीवर ऑस्ट्रेलियन तुकड्या अक्षरशः कापल्या गेल्या. पंतप्रधान बिली ह्यूज यांना सक्तीची भरती हवी होती, पण त्यांच्याच मजूर पक्षात विरोध होता आणि सिनेट ऐकेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी थेट जनतेला विचारलं. २८ ऑक्टोबरला होकाराची मतं पडली १०,८७,५५७ आणि नकाराची ११,६०,०३३. डिसेंबर १९१७ मध्ये पुन्हा विचारलं, तर फरक वाढून दीड लाखाच्या वर गेला.

आता हे वाचून तुम्ही काय लिहाल? ‘हो’ म्हणणारे साम्राज्यनिष्ठ, ‘नको’ म्हणणारे राष्ट्रवादी. मीही सुरुवातीला वहीत असेच दोन रकाने आखले होते. ते फार दिवस टिकले नाहीत.

नकाराचं श्रेय बरेचदा आयरिश कॅथलिकांना दिलं जातं. डब्लिनचा ईस्टर उठाव नुकताच चिरडला गेला होता, आणि मेलबर्नचे धर्मगुरू डॅनियल मॅनिक्स सक्तीविरुद्ध उघड बोलत होते. पण कॅथलिक होते लोकसंख्येच्या साधारण पाचवा हिस्सा, आणि ‘नको’ म्हणाले निम्म्याहून जास्त लोक. त्यातही १९१६ मध्ये मॅनिक्स यांच्याच व्हिक्टोरिया राज्याने ‘हो’ म्हटलं, तर कॅथलिक कमी असलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलियाने ‘नको’! तिथल्या शेतकऱ्याला चिंता होती ती कापणीला माणूस कुठून आणायचा याची. मतपत्रिकेवर कारण लिहिलेलं नसतं, ही साधी गोष्ट आपण संशोधनात सारखी विसरतो.

आणि सगळी कारणं काही आपल्याला आवडतील अशी नव्हती. गोरे कामगार आघाडीवर गेले की मालक स्वस्तात बाहेरचे मजूर आणतील, ही भीती ‘नको’च्या प्रचारात जोरात होती. नेमक्या त्याच सुमारास ‘गांज’ नावाच्या जहाजातून २१४ माल्टीज स्थलांतरित आले. त्यांना उतरू न देण्यासाठी श्रुतलेखनाची परीक्षा घेतली, तीही डच भाषेत! माल्टा ब्रिटिश वसाहत, म्हणजे हे लोकही राजाचेच प्रजाजन. त्यांना अडवणारं सरकार ह्यूज यांचं, म्हणजे साम्राज्यासाठी माणसं मागणाऱ्याचं.

सैनिकांचं काय, हा प्रश्न तुम्हाला पडलाच असेल. ते तर स्वखुशीने साम्राज्यासाठी गेलेले. १९१६ मध्ये त्यांच्यातले ७२,३९९ ‘हो’ म्हणाले आणि ५८,८९४ ‘नको’. आपण भोगतोय ते दुसऱ्यावर लादू नये, असं मानणारे खंदकात बरेच होते. यांना देशद्रोही म्हणायची सोय नव्हती.

खुद्द ह्यूज यांनाही रकान्यात बसवून बघा. साम्राज्यासाठी त्यांनी आपला पक्ष फोडला. तेच १९१९ च्या पॅरिस परिषदेत साठ हजार मृतांचा दाखला देत ऑस्ट्रेलियाचा वेगळा आवाज मागत होते, आणि वंशसमानतेच्या जपानी प्रस्तावाला सगळ्यात कडवा विरोधही त्यांचाच. व्हर्सायच्या तहावर ऑस्ट्रेलियाची सही स्वतंत्र झाली खरी, पण ‘ब्रिटिश साम्राज्य’ या नावाखालच्या गटात. त्याच गटात हिंदुस्थानचीही सही आहे. ती केली भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांनी, आणि तेव्हा आपल्याकडे वसाहतीचं स्वराज्यसुद्धा नव्हतं.