परदेशी व्यापार आणि मानवी हक्क : सरकारे जोखीम कशी तपासतात?

परदेशात गुंतवणूक करताना किंवा परदेशी माल आयात करताना किंमत, दर्जा आणि नफा यांच्या बरोबरीने आणखी एक प्रश्न अनेक सरकारे विचारू लागली आहेत. या व्यवहारामुळे कोणाच्या मानवी हक्कांना बाधा पोहोचते काय, हा तो प्रश्न होय. व्यापाराच्या नेहमीच्या हिशेबात पैसा बुडण्याचा धोका मोजला जातो. येथे मात्र कामगार, गावकरी आणि आदिवासी यांना होऊ शकणारी हानी मोजली जाते.

या मोजमापाचा सर्वमान्य आधार म्हणजे संयुक्त राष्ट्रांची उद्योग आणि मानवी हक्कविषयक मार्गदर्शक तत्त्वे. प्राध्यापक जॉन रगी यांनी तयार केलेल्या या ३१ तत्त्वांना मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने मान्यता दिली. हक्कांचे संरक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे, हक्कांचा आदर राखणे ही उद्योगांची जबाबदारी आहे आणि बाधितांना दाद मागता आली पाहिजे, असे त्यांचे तीन आधारस्तंभ आहेत. हानी किती गंभीर आहे, ती किती लोकांना पोहोचेल आणि ती भरून काढता येईल काय, या तीन कसोट्यांवर जोखमीची तीव्रता ठरते.

प्रत्यक्षात सरकारांच्या हाती प्रामुख्याने तीन साधने असतात.

पहिले साधन गुंतवणुकीचे. नॉर्वे सरकारने आपल्या निवृत्तिवेतन निधीसाठी २००४ मध्ये स्वतंत्र नीती परिषद नेमली. भविष्यात गंभीर हक्कभंगास हातभार लागण्याची अस्वीकारार्ह जोखीम आहे काय, हे ही परिषद पाहत असे. भूतकाळातील घटना त्यासाठी केवळ पुरावा मानल्या जात. परिषदेच्या शिफारशीनुसार २००७ मध्ये वेदांत ही कंपनी निधीतून वगळण्यात आली. भारतातील तिच्या प्रकल्पांमुळे होणारी पर्यावरणाची हानी आणि मानवी हक्कांचे उल्लंघन ही त्यामागील कारणे होती. कंपनीने आपल्यावरील आरोप वेळोवेळी फेटाळले आहेत. निधीच्या नीतिविषयक नियमांचा फेरविचार करण्याचा निर्णय नॉर्वेच्या संसदेने २०२५ मध्ये घेतला.

दुसरे साधन शुल्क सवलतीचे. युरोपीय संघ काही विकसनशील देशांना आंतरराष्ट्रीय करारांच्या पालनाच्या अटीवर आयात शुल्कात विशेष सवलत देतो. नागरी व राजकीय हक्क, छळास प्रतिबंध आणि बालहक्क या तीन करारांच्या अंमलबजावणीत त्रुटी आढळल्याने श्रीलंकेची सवलत ऑगस्ट २०१० मध्ये स्थगित झाली. ती मे २०१७ मध्ये पुन्हा बहाल करण्यात आली.

तिसरे आणि सर्वांत कठोर साधन आयातबंदीचे. चीनच्या शिनजियांग प्रांतातील मालाबाबत अमेरिकेने डिसेंबर २०२१ मध्ये केलेला कायदा जून २०२२ पासून लागू झाला. तेथील माल सक्तीच्या श्रमातून तयार झाला असल्याचे त्यात गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आयातदारावर असतो.

भारतीय उत्पादक या तपासणीच्या कक्षेबाहेर नाहीत. बालमजुरी आणि सक्तीच्या श्रमाविषयी अमेरिकेचे श्रम खाते २००९ पासून प्रसिद्ध करत असलेल्या यादीत भारतातील विटा, गालिचे आणि विड्या यांचा उल्लेख आलेला आहे. अशा यादीतील नोंद म्हणजे बंदी नव्हे, परंतु त्यामुळे खरेदीदार सावध होतात. देशांतर्गत पातळीवर केंद्र सरकारने २०१९ मध्ये जबाबदार उद्योग-वर्तनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून त्यावर आधारित अहवाल देणे बंधनकारक केले.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. सवलत काढून घेतली की निर्यात घटण्याची भीती असते आणि तिची झळ प्रथम कारखान्यातील कामगारालाच लागू शकते. ज्याच्या रक्षणासाठी निर्णय घेतला, त्याच्याच ताटातील भाकरी त्यामुळे जाऊ शकते. म्हणूनच कागदपत्रांच्या छाननीइतकेच बाधितांचे म्हणणे ऐकणे महत्त्वाचे ठरते. ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये ग्रामसभांचे मत घेण्याचा निर्देश दिला. त्यानंतर सर्व १२ ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. वेदांतविषयी ऑस्लो येथे निर्णय झाला, त्याला तेव्हा जवळपास सहा वर्षे लोटली होती. जोखीम दूरच्या राजधानीत मोजता येते. ती कोणाच्या वाट्याला येणार, हे मात्र त्या गावातच विचारावे लागते.