संतांची मध्यस्थी
स्वर्गवासी संतांना ‘आमच्यासाठी देवाकडे शब्द टाका’ असे विनवण्याची ख्रिस्ती प्रथा. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स ती पाळतात; कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये तिला दुजोरा दिला. आराधना देवाचीच, संतांकडे फक्त विनंती, हा भेद धर्मशिक्षणात स्पष्ट आहे. बांद्र्याच्या मोतमावलीला (माता मरियेला) मेणबत्तीचा नवस फेडणाऱ्याच्या मनात तो तितका रेखीव असेलच असे नाही. ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ, या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील (२:५) वचनावर बोट ठेवून प्रॉटेस्टंट ही प्रथा नाकारतात. वसईकर कॅथलिकांना मात्र घरचाच संत लाभला. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले.