अमरावतीचा हनुमान आखाडा: वऱ्हाडातल्या एका मैदानाचा इतिहास

अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली एक साधा आखाडा म्हणून सुरू झाले. अंबादासपंत वैद्य आणि अनंत वैद्य हे दोघे भाऊ त्याचे संस्थापक. पंचवीस वर्षांच्या आत या आखाड्यात शिकायला परप्रांतातून तरुण येऊ लागले, आणि इथला संघ बर्लिनला जाऊन हुतुतू, म्हणजे आजची कबड्डी, आणि मल्लखांब दाखवून आला. खेळासाठी लोकांनी मुद्दाम आगगाडीत बसून वऱ्हाडात यावे, ही गोष्ट या आखाड्याने घडवून आणली. तरीही महाराष्ट्राच्या क्रीडा-इतिहासात पुणे, मुंबई आणि बडोद्यापुढे अमरावतीचे नाव क्वचितच घेतले जाते.

इंग्रजी अमदानीत खेळाची नावाजलेली मैदाने बहुधा छावणीच्या नाहीतर साहेबांच्या क्लबाच्या आसऱ्याने उभी राहिली. गोल्फचेच पाहावे. या खेळाचा क्लब कलकत्त्यात १८२९ साली, मुंबईत १८४२ साली आणि पुण्यात १८८६ साली निघाला. पलटण आणि गोऱ्या अंमलदारांची वस्ती मोठी, तिथे गोल्फची हिरवळ, असा तो हिशेब होता. वऱ्हाडाची घडण निराळी होती. १८५३ च्या तहाने निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला. अचलपूरजवळ परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, पण १९०३ साली ती फौजच हिंदी सैन्यात मिसळली गेली. त्याच वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडला गेला. मागे उरले ते कापसाचे बाजार, जिनिंग-प्रेसिंग, आगगाडी आणि वकील मंडळी. अमरावतीत पैसा होता आणि जाणता मध्यमवर्गही होता. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन याच शहरात भरले, आणि टिळकांचे निकटचे सहकारी दादासाहेब खापर्डे इथलेच. अशा गावात मैदान उभे राहिले ते गावकऱ्यांच्या बळावर.

आखाडा ही वऱ्हाडाला नवी गोष्ट नव्हती. मारुतीचे देऊळ, त्याला लागून तांबड्या मातीचा हौदा, भिंतीशी मुद्गलाच्या जोड्या, हे चित्र गावोगावी होते. पण अशा आखाड्यातली विद्या वस्तादाच्या हयातीपुरती टिके. वस्ताद गेला, की त्याचे डावही गेले. मल्लखांबाचेच उदाहरण मोठे आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले, आणि पुढे जवळजवळ शतकभर ती गुरूकडून शिष्याकडे, हातोहात चालत राहिली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराने प्रोफेसर माणिकरावांच्या काळात कवायतीची शिस्त आणून हा प्रवाह सार्वजनिक केला. अमरावतीकरांनी त्याच्याही पुढचे पाऊल टाकले. त्यांना नुसते पहिलवान घडवायचे नव्हते. ठिकठिकाणच्या शाळांत जाऊन मुलांना शिकवतील असे व्यायामशिक्षक त्यांना घडवायचे होते. आखाडा आणि मंडळ यांतला खरा फरक इथेच पडला.

त्यासाठी काढलेली युक्ती म्हणजे उन्हाळी वर्ग. शाळामास्तर आणि कॉलेजचे विद्यार्थी मोकळे असतात ते उन्हाळ्याच्या सुटीत. वऱ्हाडातला मे महिना मोठा कठीण. पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, दुपारी रस्ते ओस पडतात. म्हणून मैदानावरची मेहनत दिवस वर येण्याच्या आत आणि ऊन कलल्यावर. विसाच्या दशकात सुरू झालेल्या या वर्गांत देशी व्यायामावर भर होता: जोर, बैठका, मुद्गल, लाठी, दांडपट्टा, फरीगदगा, लेझीम, मल्लखांब, कुस्ती आणि मैदानी खेळ. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० साली वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले होते. तिथला पाया पाश्चात्त्य होता. मुंबई सरकारची कांदिवलीची संस्था १९३८ ची, आणि ग्वाल्हेरचे राष्ट्रीय महाविद्यालय तर १९५७ चे. सरकारला या कामाची निकड वाटण्याआधी अमरावतीत लोकवर्गणीवर आणि स्वयंसेवकांच्या श्रमावर शिक्षक तयार होत होते, ही गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे.

या वर्गांत शिकवल्या जाणाऱ्या विद्येची खोली मल्लखांबावरून कळते. पुरलेला मल्लखांब सागाचा नाहीतर शिसवीचा असतो. जमिनीवर त्याची उंची साधारण साडेआठ फूट. बुंध्याशी जाड, वर निमुळता होत गेलेला, मग बारीक मान आणि तिच्यावर वाटोळे बोंड. लाकडाला एरंडेल चोळतात, म्हणजे अंग सोलवटत नाही. पण त्यामुळेच पकड ढिली पडली की खेळाडू सरळ खाली घसरतो. पहिली शिकायची ती अढी, म्हणजे पायांची खांबाला घातलेली मिठी. मग तेढी, बगली, दसरंग, फिरकी, वेल, आणि शेवटी बोंडावरचे ताजवे. दसरंगात पोट आणि बगल यांच्या पकडीवर सगळे शरीर उलटे फिरते. मल्लखांब मुळात मल्लांसाठी होता. जोडीदार नसतानाही पकडीचा आणि सुटकेचा सराव व्हावा, हा त्यामागचा हेतू. दिवसाला शंभर-दोनशे विद्यार्थी हाताळायचे तर हे सगळे क्रमवार लावून, सोप्यातून अवघडाकडे नेत शिकवावे लागते. वस्तादाच्या मर्जीवर चालणारी विद्या अभ्यासक्रमात बसवण्याचे हे काम वरून साधे दिसते, पण या चळवळीची खरी कमाई तीच.

हुतुतूचे दुखणे वेगळे होते. खेळ सगळ्यांना ठाऊक, पण नियम गावागणिक निराळे. बाद झालेला गडी पुन्हा आत येतो की नाही, दम किती धरायचा, मैदान केवढे, यावर एकमत नव्हते. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम ठरवले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे. नियम कागदावर आले तरी ते मुलांपर्यंत पोचवायला शिक्षक लागतात, आणि तिथे अमरावतीसारख्या संस्थांची गरज पडली.

त्या काळात आखाडा काढणे म्हणजे सरकारचा संशय ओढवून घेणे. पुण्याच्या क्रांतिकारक चाफेकर बंधूंनी व्यायामाचेच मंडळ काढले होते. बंगालमधली अनुशीलन समिती व्यायामशाळा म्हणून सुरू झाली आणि १९०९ मध्ये बेकायदा ठरली. अमरावतीच्या आखाड्याशी निगडित असलेले सर्वांत मोठे क्रांतिकारक नाव शिवराम हरी राजगुरू यांचे. भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर २३ मार्च १९३१ रोजी फाशी गेलेल्या या खेडच्या तरुणाने काही काळ इथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. अमरावतीत कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन हेही या मंडळाच्या परिवारातले. बंदूक आणि सेवा, दोन्ही वाटांचे प्रवासी एकाच मातीतून गेले.

१९३६ चे बर्लिन ऑलिंपिक हे या इतिहासातले सर्वांत झळाळते पान, आणि त्याबद्दल गैरसमजही तितकेच. कबड्डी त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ होती, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. त्या स्पर्धेतले अधिकृत प्रदर्शनीय खेळ बेसबॉल आणि ग्लायडिंग हे होते. ऑलिंपिकच्या जोडीने बर्लिनमध्ये शारीरिक शिक्षणाचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते आणि देशोदेशीचे विद्यार्थी तिथे जमले होते. अमरावतीच्या संघाने आपले देशी खेळ दाखवले ते त्या निमित्ताने. डॉ. सिद्धनाथ काणे हे संघाचे नेते होते. नाझी राजवटीने तो सोहळा स्वतःच्या दिमाखासाठी मांडला होता, हे विसरून चालणार नाही. पण वऱ्हाडातल्या तरुणांचे श्रेय त्यामुळे उणे होत नाही. राजाश्रय नसलेल्या एका जिल्ह्याच्या गावाने आपली मुले समुद्रापार पाठवली आणि जगातल्या व्यायामशिक्षकांपुढे उभी केली. ध्यानचंदांच्या हॉकी संघाने १५ ऑगस्टला जर्मनीचा ८-१ असा पराभव केला, तो देशाला पाठ आहे. त्याच उन्हाळ्यातली अमरावतीची कामगिरी मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

ज्या युरोपात हा संघ गेला, तिथे अशा चळवळी आधीच होऊन गेल्या होत्या. फ्रिड्रिख यान यांनी १८११ मध्ये बर्लिनमध्येच तरुणांसाठी खुली व्यायामशाळा काढली होती, प्रागमध्ये १८६२ साली ‘सोकोल’ ही व्यायामसंघटना सुरू झाली, आणि स्वीडनमध्ये लिंग यांनी शिस्तबद्ध व्यायामाची पद्धत बसवली. परक्या सत्तेखाली किंवा पराभवानंतर समाजाने शरीर कमावायला घेणे, हा धागा यान आणि सोकोलपासून अमरावतीपर्यंत सलग दिसतो. लिंग यांच्या स्मरणार्थ १९४९ मध्ये स्टॉकहोमला दुसरे लिंगियाड हे व्यायामसंमेलन भरले, तेव्हाही अमरावतीचा संघ तिथे गेला. या वेळी तो स्वतंत्र देशाचा होता.

स्वातंत्र्यानंतर उन्हाळी वर्गांच्या जागी वर्षभराचे शिक्षण आले. मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय आधी नागपूर विद्यापीठाशी आणि १९८३ नंतर अमरावती विद्यापीठाशी जोडले गेले. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. संस्था वाढली की मूळ कामाकडचे लक्ष विभागले जाते. तरी मातीचा हौदा आणि मल्लखांब इथून हलले नाहीत, हे मोलाचे.

हुतुतूचा प्रवास दूरवर गेला. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत ती पदकाचा खेळ झाली, आणि आज दूरदर्शन संचावर तिचे सामने घरोघर पाहिले जातात. मल्लखांबाला उशीर झाला, पण २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत त्याचाही समावेश होता. या दोन्ही खेळांच्या मागे नावे नसलेल्या शेकडो मास्तरांची मेहनत आहे. सुटीत अमरावतीला येऊन शिकलेले, मग आपापल्या गावच्या शाळेत खांब पुरून मुले तयार करणारे हे लोक.

मुंबई-हावडा मार्गावरचे बडनेरा स्थानक अमरावतीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर आहे. चिखलदऱ्याला निघालेल्या प्रवाशाने अमरावतीत एक मुक्काम वाढवून सकाळी हे मैदान पाहावे. अकोला, अमरावती आणि साऱ्या वऱ्हाडातल्या ज्या घरांत उन्हाळी वर्गांची प्रमाणपत्रे, वह्या, छायाचित्रे अजून पेटीत पडून आहेत, त्यांनी ती रद्दीत न घालता एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा खुद्द मंडळाकडे सोपवावीत. या मास्तरांचा इतिहास अजून लिहायचा आहे, आणि तो लिहायचा तर त्याच कागदांच्या आधाराने लिहावा लागेल.