सर्पगंधा, खाजकुइली आणि कंपवात

पनवेलहून उरणकडे जाताना लागणारे जासई आपल्याला १९८४ च्या शेतकरी आंदोलनामुळे ठाऊक आहे. आज त्या गावाची आठवण वेगळ्या कारणाने काढू. समजा, तिथल्या एका शिक्षकांचे फळ्यावरचे अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होऊ लागले. चालताना एक हात हलेनासा झाला, स्वस्थ बसले की अंगठा थरथरू लागला. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले सर घाबरतात. अखेर डॉक्टरांनी नाव सांगितले : पार्किन्सन्सचा आजार. घरात पहिला प्रश्न उठतो, ‘आता पुढे काय?’ याचे उत्तर शोधायला आपण थोडे इतिहासात जाऊ.

आयुर्वेदात कंपवाताचे वर्णन आहे. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला. त्यात अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले! नुसत्या निरीक्षणातून त्यांनी आजार ओळखला. पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी त्याला पार्किन्सन यांचे नाव दिले. नाव मिळाले, पण कारण कळले नव्हते.

त्या कारणाकडे जाणाऱ्या वाटेवर आपली सर्पगंधा भेटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांच्या नोंदींसह जगापुढे मांडले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळे केले गेले. मात्र हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांत कंपवातासारखा ताठरपणा दिसू लागला. असे का व्हावे? स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रेसरपीन दिले. ससे निश्चल झाले. मग त्यांना लेव्होडोपा टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. लेव्होडोपापासून मेंदूत डोपामीन हे रसायन बनते. १९६० साली व्हिएन्नात होर्निकिएविच आणि एरिंगर यांना मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फारच कमी आढळले. कोडे सुटू लागले : डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरतात, म्हणून हालचाली मंदावतात.

मग सरळ डोपामीनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, लेव्होडोपा शिरते. आणि लेव्होडोपा कशात असते? कोकणातल्या मुलांना चांगल्याच परिचयाच्या असलेल्या खाजकुइलीच्या बियांत! दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच ते त्यांतून वेगळे केले होते. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि जखडलेली माणसे चालू लागली. मुंबईत डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी या बियांचे चूर्ण रुग्णांना देऊन १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. म्हणून कोणी घरी बिया कुटून खाऊ नयेत. बियांतले प्रमाण सारखे नसते, गोळीतले मोजलेले असते.

गोळी रसायनाची उणीव भरते, पेशींचे मरणे थांबवत नाही. काही वर्षांनी तिचा परिणाम कमी-जास्त होऊ लागतो. म्हणून व्यायाम हवा, आवाजाचा सराव हवा आणि सोबतही हवी. मुंबईत २००१ साली डॉ. भीम सिंघल यांच्या पुढाकाराने पार्किन्सन्स रुग्णांसाठी संस्था उभी राहिली. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. अशा गटांत नुकतेच निदान झालेला माणूस दहा वर्षे आजार सांभाळणाऱ्याला हसताना पाहतो. काळजी घेणाऱ्या पत्नीला किंवा मुलाला आपला थकवा मोकळेपणाने सांगता येतो. डॉक्टरांच्या पाच मिनिटांत हे मावत नाही.

आपल्या शाळेतही बरेच करता येईल. सरांचा चेहरा निर्विकार दिसतो तो स्नायूंच्या ताठरपणामुळे, रागामुळे नव्हे, हे मुलांना सांगावे. सरांना बोलायला वेळ द्यावा, त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस. त्या सुमारास वर्गात हा इतिहास सांगता येईल. एखाद्या मुलाला घरातल्या आजोबांच्या थरथरत्या हाताची आठवण झाली, तर त्या घराला डॉक्टरांची वाट लवकर सापडेल.